अर्ज सल्लागाराचा, जमीन गावाची



पत्रिकेवरचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. दूषित जमिनी, त्या साफ करायला मिळणारी सरकारी अनुदानं आणि ती अनुदानं मिळवून देणारे सल्लागार. स्मृतिव्याख्यानाला हा काय विषय झाला? संतसाहित्य नाही, इतिहास नाही, निदान राजकारण तरी! पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांची उभी हयात नगरपालिकेच्या कारभारात गेली. आणि कारभारातला सगळ्यात नाजूक प्रश्न नेहमी हाच असतो, की गावाच्या वतीने लिहितं कोण आणि गावाच्या वतीने ठरवतं कोण. आज मी तोच प्रश्न मांडणार आहे, फक्त परक्या देशाच्या अनुभवातून. तो देश म्हणजे अमेरिका. त्या देशाबद्दल आपलं मत काहीही असो, या एका कामाचे नियम तिथे गेली तीस वर्षं घासूनपुसून बघितले गेले आहेत.

तीन गोष्टी क्रमाने सांगतो. शहरातली जमीन बेवारस कशी होते, ही पहिली. सल्लागार नेमकं काय करतो, ही दुसरी. आणि त्याचे पैसे कोण देतं, ही तिसरी. मग थोडं आपल्या घराकडे येऊ.

पहिली गोष्ट. जमीन बेवारस कशी होते?

न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स नावाचं शहर आहे. तिथे लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खोदून सोडलेला कालवा होता. हूकर केमिकल या कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि १९५३ साली ती जमीन गावच्या शिक्षण मंडळाला विकली. किंमत किती? एक डॉलर. खरेदीखतात लिहूनही ठेवलं, की इथे रसायनं पुरली आहेत, पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. त्या जागेवर शाळा उभी राहिली, भोवती घरं झाली. पंचवीस वर्षांनी लोकांच्या तळघरांत काळा चिकट द्रव झिरपायला लागला. लोइस गिब्ज या तरुण आईने, जिचा मुलगा त्याच शाळेत जात होता, दारोदार फिरून माहिती गोळा केली, लोकांना उभं केलं. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली.

त्यातून डिसेंबर १९८० मध्ये कायदा झाला. त्याला सगळे सुपरफंड म्हणतात. कायदा कडक होता, आणि कडक असायलाच हवा होता. ज्याने घाण केली तो जबाबदारच. पण आज ज्याच्या नावावर जमीन आहे तोही जबाबदार. घाण त्याने केलेली असो वा नसो. कायदा होण्याआधीची असली तरी. अनेकांनी मिळून केलेली असेल, तर त्यातल्या कुणा एकाकडूनही सगळा खर्च वसूल करता येईल.

आता तुम्ही मला सांगा, असा कायदा असताना जुन्या कारखान्याची जमीन घेणार कोण? बँक कर्ज कशाला देईल? उद्योजकाने शहाणपणाने विचार केला, की शहरातली पन्नास एकर घेऊन पन्नास वर्षांचं पाप गळ्यात घेण्यापेक्षा शहराबाहेरचं शेत घेऊ. झालं! नवे कारखाने शेतांवर गेले आणि जुन्या जमिनी शहराच्या पोटात तशाच पडून राहिल्या. फुटक्या काचा, गंजलेल्या टाक्या, तारेचं कुंपण. आणि त्यांच्या शेजारी राहणारे लोक कोण? ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नाही ते. पापाला जाब विचारण्यासाठी केलेल्या कायद्याने पापाची जागाच अस्पर्श करून टाकली.

अशा जमिनींना तिकडे ब्राउनफिल्ड म्हणतात. सगळ्याच काही लव्ह कॅनॉलसारख्या भयंकर नसतात. बंद पडलेला पेट्रोलपंप असतो, ड्रायक्लीनिंगचं दुकान असतं, चामड्याचा कारखाना, रेल्वेचं यार्ड. कित्येकदा दूषितपणा थोडाच असतो, पण तो किती आहे हे कुणालाच माहीत नसतं आणि माहीत नसण्याचीच भीती जास्त असते. तिथल्या पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, अंदाज आहे की देशात अशा साडेचार लाखांहून अधिक जागा आहेत.

१९९५ च्या सुमारास ईपीएने छोटी प्रायोगिक अनुदानं द्यायला सुरुवात केली. एका गावाला दोन लाख डॉलरपर्यंत. ११ जानेवारी २००२ रोजी त्याचा रीतसर कायदा झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. जो खरेदीआधी नीट चौकशी करेल त्याला जुन्या पापातून संरक्षण, आणि गावांना तपासणीसाठी व सफाईसाठी अनुदान. २०१८ मध्ये कायदा सुधारला, आणि २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने या कामाला दीड अब्ज डॉलर दिले.

पैसे आले. पण ते वाटायचे कसे? स्पर्धेने. वर्षातून एकदा जाहिरात निघते, गावं अर्ज करतात, परीक्षक गुण देतात. ज्याला गुण जास्त त्याला पैसे. आणि जिथे स्पर्धा आली तिथे स्पर्धेची तयारी करून घेणारे आलेच. आपल्याला हे वेगळं सांगायला नको, आपण क्लासच्या राज्यात राहतो.

दुसरी गोष्ट. हा सल्लागार नेमकं करतो काय?

सल्लागार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सूट, टाय आणि रंगीत सादरीकरण येतं. थोडं खरंही आहे. पण या क्षेत्रातला चांगला सल्लागार आधी जमिनीचा इतिहास वाचतो, आणि तो कसा वाचतो हे बघण्यासारखं आहे.

अमेरिकेत सॅनबॉर्न नावाची कंपनी होती, १८६७ साली निघालेली. आगीच्या विमा कंपन्यांसाठी ती गावोगावचे नकाशे काढायची. विमा कंपनीला काय जाणून घ्यायचं असतं? काय कुठे पेट घेऊ शकतं. म्हणून त्या नकाशांत घरन्‌घर दाखवलेलं. विटांची इमारत गुलाबी, लाकडी इमारत पिवळी. भट्टी कुठे, रंगाचं कोठार कुठे, पेट्रोलची टाकी कुठे, गॅसचा कारखाना कुठे, सगळं टिपलेलं. दर काही वर्षांनी नकाशा नवा. आज शंभर वर्षांनी पर्यावरण सल्लागार तेच नकाशे एकाखाली एक ठेवून बसतो. १९०५ मध्ये इथे तबेला होता. १९२५ मध्ये मोटारगॅरेज, कोपऱ्यात दोन टाक्या. १९५० मध्ये टाक्या नकाशातून गेल्या. नकाशातून गेल्या, पण जमिनीतून गेल्या का? तिथे त्याची पेन्सिल थांबते. आगीच्या भीतीने काढलेले नकाशे विषाचा माग काढायला कामी येतात, हे नकाशे काढणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

याला पहिल्या टप्प्याची तपासणी म्हणतात. यात मातीचा एक चमचाही उकरायचा नसतो. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, सरकारी नोंदी, आधीच्या मालकांशी बोलणं आणि जागेवर एक फेरी. संशय आला तर दुसरा टप्पा. मग बोअर घ्यायचे, माती आणि भूजल प्रयोगशाळेत पाठवायचं. मग आराखडा, की इथली माती उचलायची, इथे वर चिकणमातीचा थर घालायचा, इथे फक्त वाहनतळ करायचा आणि विहीर कधीच खणायची नाही.

यात एक तारखेचा खेळ आहे. पहिल्या टप्प्यातली मुख्य कामं जमीन ताब्यात घेण्याआधीच्या १८० दिवसांत झालेली असावी लागतात. एखाद्या गावाने उत्साहात आधी जमीन विकत घेतली आणि चौकशी नंतर केली, तर कायद्याच्या लेखी ते गाव स्वतःच जबाबदार मालक ठरू शकतं, आणि जो जबाबदार त्याला सफाईचं अनुदान नाही. म्हणजे चांगलं काम करायला गेलेली नगरपरिषद केवळ तारीख चुकल्यामुळे दारातून परत! २०१८ च्या सुधारणेत जुन्या सरकारी जमिनींना थोडी सवलत मिळाली, पण नव्या खरेदीला नियम तोच. अशा वेळी खरेदीखतावर सही व्हायच्या आधी 'थांबा' म्हणणारा माणूस लाखमोलाचा असतो.

तेव्हा सल्लागार नकोच असं म्हणणारा मी नाही. पाच हजार वस्तीचं गाव आहे, कार्यालयात चार माणसं, त्यातला एक पाणीपट्टीही बघतो आणि स्मशानाची नोंदवहीही. त्याच्याकडून भूजलातल्या बेंझिनचे आकडे वाचायची अपेक्षा करणं अन्याय आहे. न्यूजर्सी आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत तर या कामासाठी परवानाधारक तज्ज्ञच लागतात. ज्ञान विकत घ्यायला कसली लाज?

लाज, किंवा धोका म्हणा, पुढे आहे.

तोच सल्लागार अनुदानाचा अर्जही लिहितो. हा अर्ज काय असतो? तपासणीच्या अनुदानासाठी मुख्य निवेदनाला मर्यादा दहा पानांची. त्यात सांगायचं की जागा कोणती आणि तिचं पुढे काय करणार. लोकांची गरज काय, लोकांना निर्णयात कसं सामील करणार. कामं कोणती आणि खर्च किती. आणि हे पार पाडायची तुमची ताकद काय. सफाईच्या अनुदानासाठी तर अर्ज पाठवण्याआधी त्याचा मसुदा लोकांपुढे ठेवून सभा घ्यावी लागते.

यातलं कोणतं उत्तर सल्लागाराकडे आहे? खर्चाचं आहे. कामांचं आहे. पण जागेचं पुढे काय करायचं, हे त्याने ठरवायचं? लोकांची गरज त्याने सांगायची? तीनशे मैलांवरच्या कार्यालयात बसून तो लिहितो की 'स्थानिक समाजाची अशी अशी आकांक्षा आहे'. कोणत्या समाजाची? जनगणनेचे आकडे त्याच्याकडे आहेत, दम्याचे आकडे आहेत, बेरोजगारीचे आहेत. सगळे खरे आहेत. पण आकडे गोळा झाले म्हणजे आकांक्षा कळली असं होत नाही. मग दहा गावांचे अर्ज एकाच साच्यातले निघतात. गावाचं नाव बदललं की अर्ज तयार.

तिसरी गोष्ट. त्याचे पैसे कोण देतं?

ही गोष्ट मी जरा सावकाश सांगतो, कारण सगळं पाणी इथेच मुरतं.

अर्ज लिहिण्याचा खर्च गावाला अनुदानात दाखवता येत नाही. तो गावाने पदरचा करायचा. गावाकडे पैसे नाहीत, म्हणून तर ते अनुदान मागतंय. मग सल्लागार कंपनी उदारपणे म्हणते, 'काही काळजी करू नका, अर्ज आम्ही फुकट लिहून देतो.' फुकट! बोलून चालून ती धंदा करायला बसलेली कंपनी, तिला गावाचा एवढा कळवळा का? कारण फुकटात स्थळ दाखवणारा मध्यस्थ लग्नाच्या मंडपाचं कंत्राट मनात धरूनच आलेला असतो. अनुदान मिळालं की तपासणीचं काम आपल्यालाच, हा न लिहिलेला करार.

मग अर्जातली कामं कशी ठरतात? जी गावाला हवीत ती, की जी त्या कंपनीला करता येतात ती? बोअर किती घ्यायचे, हे संशयावर ठरतं की अंदाजपत्रकावर? मी कुणावर आरोप करत नाही. प्रामाणिक कंपन्या पुष्कळ आहेत. पण व्यवस्था अशी असावी की प्रामाणिकपणाला रोज परीक्षा द्यावी लागू नये.

अमेरिकेत इथे चार कुंपणं आहेत, त्यांतली तीन केंद्रीय नियमांनी घातलेली.

पहिलं कुंपण. अनुदानातून काम द्यायचं तर ते स्पर्धेनेच द्यायचं. अर्जात एखाद्या कंपनीचं नाव घातलं होतं किंवा तिने अर्ज लिहायला मदत केली होती, हे निविदा टाळायला कारण होत नाही.

दुसरं कुंपण. ज्याने निविदेच्या अटी लिहिल्या, कामाचं वर्णन लिहिलं, त्याला त्या निविदेत भाग घेता येत नाही. पेपर काढणाऱ्याने परीक्षेला बसायचं नाही.

तिसरं कुंपण. खर्चाच्या टक्क्यांवर मोबदला, ही कराराची पद्धत अनुदानाच्या पैशांतून चालत नाही. काम जितकं महाग, तितकी सल्लागाराची फी मोठी, असा हिशेब असेल तर काम स्वस्तात करा असा सल्ला तो कशाला देईल?

आणि चौथं कुंपण सरकारने घातलेलं नाही, ते व्यवसायाने स्वतःला घातलं आहे. अनुदानाचे अर्ज लिहिणाऱ्यांच्या तिथल्या संघटनेची आचारसंहिता सांगते की मिळालेल्या अनुदानातून टक्केवारी घ्यायची नाही. ठरलेली फी घ्या, तासावर घ्या. पण अनुदान मिळालं तर इतके टक्के, असं नाही.

टक्केवारी हा शब्द ऐकून सभागृहात खसखस पिकली, ती मी ऐकली. पुढे येतोच त्यावर.

शिवाय फुकटच्या मध्यस्थाला पर्यायही ठेवला आहे. ईपीएच्या पैशांतून काही विद्यापीठं गावांना मोफत मार्गदर्शन करतात. कॅन्सस स्टेट, वेस्ट व्हर्जिनिया, कनेटिकट ही त्यांतली नावं. ही विद्यापीठं अर्ज लिहून देत नाहीत. गावाने लिहिलेला मसुदा वाचतात, चुका दाखवतात, प्रश्न विचारतात. आणि ज्याला कंत्राट मिळवायचं नाही, त्याच्या प्रश्नांना वेगळं वजन असतं.

इतकं करून सगळं सुरळीत चालतं का? नाही. कुंपणाला फटी असतात. ज्या कंपनीने अर्ज लिहिला तिला जागेची माहिती सगळ्यांत जास्त, म्हणून उघड स्पर्धेतही तिचं पारडं जड राहतं. मोठ्या शहरांकडे अनुदानाचा स्वतंत्र विभाग असतो, त्यांना एकामागून एक अनुदानं मिळतात. जे गाव सगळ्यांत गरजू, त्याच्याकडे गरज मांडायलाही माणूस नसतो. स्पर्धेत गरज जिंकते की गरजेचं वर्णन, हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही.

मग चांगलं कुठे झालं? एकच उदाहरण देतो.

विस्कॉन्सिन राज्यातलं मिलवॉकी शहर. त्याच्या मधून मेनॉमनी नदीचं खोरं जातं. एके काळी दलदल होती, ती भरून कारखाने आले. तिथे मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीची प्रचंड कार्यशाळा होती, डबे आणि इंजिनं बनवणारी. ती १९८० च्या दशकात बंद पडली. खोरं ओसाड झालं आणि दोन्ही काठांवरच्या कामगार वस्त्यांच्या मधोमध एक मोठी भेग पडल्यासारखी झाली.

तिथे सुरुवात कुणी केली? ना सल्लागाराने, ना बिल्डरने. पुढाकार घेणाऱ्यांत होता वस्तीतला एक दवाखाना, सिक्स्टीन्थ स्ट्रीट कम्युनिटी हेल्थ सेंटर. दवाखान्याचा आणि कारखान्याच्या जमिनीचा संबंध काय? संबंध असा, की येणारे रुग्ण त्या खोऱ्याच्या काठावर राहत होते. घराजवळ काम नाही, फिरायला जागा नाही, खेळायला मैदान नाही. दवाखान्याने म्हटलं, की औषधं देऊन भागणार नाही, ही जमीन सुधारली पाहिजे. लोकांच्या बैठका झाल्या. १९९९ मध्ये खोऱ्यासाठी एक स्वतंत्र संस्था निघाली. २००२ मध्ये आराखड्यासाठी देशभरातल्या वास्तुरचनाकारांची स्पर्धा घेतली. २००३ मध्ये शहराने कार्यशाळेची जमीन ताब्यात घेतली.

अनुदानं आली, सल्लागारही आले, अनेक आले. पण ते आले तेव्हा प्रश्न ठरलेला होता. शहराला तिथे इमले नको होते, कारखानेच हवे होते, वस्तीतले लोक चालत जाऊन काम करू शकतील असे. जमीन घेणाऱ्या कंपन्यांवर रोजगार आणि पगाराच्या अटी घातल्या. पुराच्या पातळीच्या वर जमीन उचलायला शेजारच्या महामार्गाच्या चौकातून निघालेलं तोडलेलं काँक्रीट वापरलं. पावसाचं पाणी मुरवायला बाग केली, आणि त्या बागेत जुन्या कार्यशाळेची दोन धुराडी मुद्दाम उभी ठेवली. यातली प्रत्येक गोष्ट तज्ज्ञाने केली, पण एकही गोष्ट तज्ज्ञाने ठरवली नाही. हा फरक लक्षात ठेवा.

आता घराकडे येऊ.

आपल्याकडे दूषित जमिनींसाठी स्वतंत्र नियम कधी आले? जुलै २०२५ मध्ये. भोपाळच्या वायुदुर्घटनेला चाळीस वर्षं उलटून गेल्यावर. हे नियम जाहीर झाले तेव्हा देशात १०३ जागा दूषित म्हणून निश्चित झालेल्या होत्या आणि त्यांतल्या फक्त ७ ठिकाणी सफाईचं काम सुरू झालेलं होतं. आता जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी करायची, तज्ज्ञ संस्थेने आराखडा द्यायचा, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च घ्यायचा. तो सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर खर्च केंद्र आणि राज्याने वाटून घ्यायचा. म्हणजे सरकारी पैसा आला. सरकारी पैसा आला की प्रस्ताव आला. आणि प्रस्ताव आला की सल्लागार आला!

भोपाळचंच बघा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला आणि नंतर जाळला. त्यासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. पण कारखान्याच्या आवारातली माती आणि खालचं भूजल? ते काम अजून बाकीच आहे. गोण्या मोजता येतात, ट्रक मोजता येतात. मातीत झिरपलेलं मोजायला तपासणी लागते, आणि तपासणीत फोटो काढण्यासारखं काही नसतं.

किंवा आपलं गिरणगाव घ्या. गिरण्यांच्या जमिनींवर किती वर्षं भांडलो आपण! १९९१ ची नियमावली, २००१ ची दुरुस्ती, २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मोकळी जागा किती, म्हाडाला किती, कामगारांच्या घरांना किती. सगळं रास्त. पण रंगाईखात्याखालच्या मातीत काय मुरलंय, हा प्रश्न त्या सगळ्या भांडणात किती जणांनी विचारला? मुंबईत जमिनीचा भावच इतका, की माती कशी का असेना, वर मनोरा उभा राहतो. जिथे भाव नाही, त्या तालुक्याच्या गावी जमीन तशीच पडून राहते. दोन्हीकडे मातीला कुणी विचारत नाही.

स्पर्धेने पैसे वाटण्याचा प्रयोगही आपण करून पाहिला आहे. २०१५ ची स्मार्ट सिटी योजना आठवा. प्रत्येक शहराला प्रस्ताव बनवायला दोन कोटी रुपये, सल्लागार कंपन्यांची तयार यादी, गुण, क्रमांक. जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत पुणे आणि सोलापूर आले, तेव्हा पेढे वाटले गेले. कशाचे पेढे? अर्ज मंजूर झाल्याचे. काम तर सुरूही झालं नव्हतं.

आणि आता टक्केवारीकडे येतो. घाबरू नका, ती टेबलाखालची टक्केवारी नव्हे. मी बोलतोय ती टेबलावरची, करारात लिहिलेली, स्थायी समितीने मंजूर केलेली. प्रकल्प अहवाल करणाऱ्या सल्लागाराची फी आपल्याकडे सर्रास प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्क्यांत ठरते. दोन टक्के, अडीच टक्के, तीन टक्के. प्रकल्प दहा कोटींचा असेल तर एवढी, पंधरा कोटींचा झाला तर तेवढी. आणि मग अहवालातले आकडे का फुगतात याचं आपण आश्चर्य करतो! ज्या पद्धतीला अमेरिकेत अनुदानाच्या कामांत बंदी आहे, ती आपल्याकडे शिरस्ता आहे. ही बदलायला क्रांती लागत नाही. एक ठराव लागतो.

आता आपल्याकडचे कचऱ्याचे डोंगर बघा. मुंबईतलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोचं दुखणं पुणेकरांना माहीत आहे. हे डोंगर दूषित जमिनींच्या नव्या नियमांत येत नाहीत, त्यांच्यासाठी कायदा आणि योजना वेगळी. पण रीत तीच. टनावारी मोजमाप, प्रकल्प अहवाल, मंजुरी, कंत्राट. छोट्या नगरपालिकांच्या दारातही आज असे प्रस्ताव घेऊन लोक उभे आहेत. म्हणून इथे बसलेल्या नगरसेवकांना, अधिकाऱ्यांना आणि त्याहून जास्त नागरिकांना चार गोष्टी सांगतो.

एक. सल्लागाराला बोलावण्याआधी गावाने स्वतः एक पान लिहावं, आपल्या भाषेत. जागा कोणती, तिथे आधी काय होतं, पुढे काय हवं. जुने कामगार अजून हयात आहेत तोवर त्यांना विचारा की टाकी कुठे होती, रसायनाचं पाणी कुठे सोडत होते. आपल्याकडे सॅनबॉर्नचे नकाशे नाहीत, आपला नकाशा या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. तो कागदावर आणायला अनुदान लागत नाही.

दोन. अर्ज लिहिणारा, निविदेच्या अटी लिहिणारा आणि काम करणारा, हे तिघं वेगळे ठेवा. आणि फी ठरावीक रकमेत ठरवा, टक्क्यांत नाही.

तीन. तपासणीचा अहवाल नगर वाचनालयात ठेवा, मराठी सारांशासह. प्रयोगशाळेच्या आकड्यांचे तक्तेही ठेवा. ते कुणी वाचणार नाही असं म्हणू नका. गावात रसायनशास्त्र शिकवणारे मास्तर असतात, मंडळाच्या परीक्षेचे पेपर तपासून कंटाळलेले असतात, ते नक्की वाचतील.

चार. नगरपालिकेत एक तरी कायम माणूस असा ठेवा ज्याला तो अहवाल समजतो. कारण दूषित जमीन साफ झाली म्हणजे बहुतेक वेळा सगळं विष निघालं असं नसतं. काही विष थराखाली झाकून ठेवलेलं असतं, आणि 'इथे खणू नका' ही अट पुढच्या पन्नास वर्षांसाठी असते. सल्लागाराचा करार तीन वर्षांचा. उरलेली सत्तेचाळीस वर्षं ती अट कोण लक्षात ठेवणार? लव्ह कॅनॉलच्या खरेदीखतात रसायनांची नोंद होती, हे मी सुरुवातीला सांगितलं. नोंद होती आणि तरी शाळा झाली.

समारोप थोडक्यात. जमीन बेवारस होते ती जबाबदारी कुणालाच नको असते म्हणून. सल्लागार लागतो, कारण मातीचं ज्ञान सगळ्यांना नसतं. पण त्याला पैसे कसे मिळतात, यावर तो कुणाचा सल्लागार हे ठरतं. गावाने ज्ञान विकत घ्यावं, खुशाल घ्यावं, चांगली फी देऊन घ्यावं. निर्णय विकत घेऊ नये.

पुढच्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर 'सल्लागार नेमणे' असा विषय आला, तर प्रेक्षक सज्जात जाऊन बसा. हात वर करून बोलायचा अधिकार तुम्हाला तिथे नाही, पण आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या हातात तीन प्रश्नांची चिठ्ठी देण्याचा आहे. फी रकमेत की टक्क्यांत? अटी कुणी लिहिल्या? आणि अहवाल आम्हाला कुठे वाचायला मिळेल? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत तो विषय मंजूर होऊ देऊ नका.